विनोबा भावे : गीताभाष्य आणि युद्धनकार

आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२) यांच्या चरित्राचा विचार बहुधा भूदानाच्या अनुषंगाने होतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र त्यांच्या जीवनातील एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटावा. अर्जुनाला युद्धास प्रवृत्त करणाऱ्या ग्रंथाचा हा भाष्यकार युद्धाला नकार देणारा पहिला सत्याग्रही कसा ठरला?

कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेले विनायक नरहरी भावे १९१६ साली इंटरची परीक्षा सोडून काशीस गेले व त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाच्या नकाराची चिकित्सा केली. त्यांच्या मते तो नकार अहिंसेतून आलेला नव्हता. समोर स्वजन उभे राहताच आठवलेली ती अहिंसा होती. म्हणून तो मोह होय.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीयांना न विचारता भारत युद्धात असल्याचे घोषित केले. भारतीयांवर सक्तीची सैन्यभरती लादली गेली नाही. परंतु माणसे व पैसा यांची मागणी होत राहिली आणि युद्धविरोधी भाषण हा गुन्हा ठरला. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी प्रथम विनोबांची निवड केली, नंतर नेहरूंची. नेहरूंचा विरोध मुख्यतः राजकीय होता. विनोबांचा युद्धमात्रालाच होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे त्यांनी युद्धास साहाय्य न करण्याचे आवाहन केले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटका होताच त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला आणि पुन्हा कारावास पत्करला. नागपूरच्या तुरुंगात ‘स्वराज्यशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

येथे वरवर दिसणारी विसंगती मावळते. विनोबांनी अर्जुनात जे उणे मानले, ते त्यांच्या स्वतःच्या नकारात नव्हते. आप्त आणि परके असा भेद त्यात नव्हता; तो विचारपूर्वक स्वीकारलेला व शिक्षा भोगून पाळलेला स्वधर्म होता. १९५७ साली त्यांनी उभारलेली शांतिसेना ही त्याच भूमिकेची पुढील पायरी होय. त्यामुळे ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाचे वाचन १९४० च्या कृतीपासून तोडून करणे अपुरे ठरते.