बाळू पालवणकर

स्मरणिकेसाठी क्रिकेटवर काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह. कारण एकच, पंचवीस वर्षांत पार्किंगमधल्या पोट्ट्यांचा चेंडू सगळ्यात जास्त वेळा माझ्याच खिडकीवर आला. सचिन-धोनीवर सगळेच लिहितात. नागपूरचे सी. के. नायडूही आपल्याकडे सर्वांना ठाऊक. पण त्यांच्याही आधीचे डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर गोंदियात फारसे कुणाला माहीत नाहीत, म्हणून त्यांच्यावर लिहितो.

जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात, त्यामुळे वाढले पुण्यात. तिथे पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. मग गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर लागले. काम तेच, खेळपट्टी राखणं, नेट लावणं. एकदा हाती चेंडू आला आणि साहेबांच्या लक्षात आलं की हा पोरगा साधा नाही. ग्रेग नावाचे नामांकित बॅट्समन यांच्याच गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करायचे. बाद केलं की आठ आणे द्यायचे, असं सांगतात. पण इतकी वर्षं चेंडू टाकले तरी नेटमध्ये बॅट म्हणून एकदाही हाती दिली नाही!

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर वाद झाला, शेवटी घेतलं. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की मात्र यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं. विकेट काढायला आपला आणि पंगतीला परका, हा हिशोब मला अजून समजला नाही.

पुढे प्लेगच्या काळात ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघंही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हाताखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण पस्तिशीच्या बाळूंनी खांदा दुखत असताना दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले.

एवढं करून हिंदू संघाचं कर्णधारपद? नाही म्हणजे नाही. दर वर्षी कुणीतरी दुसराच. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोन्ही भाऊ बाहेर पडले. गाजावाजा झाला आणि पुढच्या सामन्याला तिघंही परत, बाळू उपकर्णधार. पुढे १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले, त्याच वर्षी हिंदू जिंकले. थोरल्याला मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं.

नंतर बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये वारले.

आता थोडं आपल्या घरचं. चौकीदाराचा मुलगा रोज संध्याकाळी आपल्या पोट्ट्यांना बॉलिंग टाकतो. टाकतोही छान, चेंडू वळवतो. आठवडाभर मी गॅलरीतून बघितलं, बॅटिंग एकदाही नाही. रौप्यमहोत्सवी सामन्याची यादी फलकावर लागली आहे, तीत त्याचं नाव दिसलं नाही. सामना रविवारी आहे. मी सेक्रेटरींना फोन केला आहे.