कर्करोगसंशोधक कै. डॉ. कमलाबाई रणदिवे

हुजूरपागेच्या ज्या विद्यार्थिनींनी पुढे नाव मिळविले, त्यांत कै. डॉ. कमलाबाई रणदिवे यांचे स्थान मोठे आहे. ज्या रोगाची स्त्रियांना अतिशय धास्ती वाटते आणि ज्याविषयी त्या चारचौघींत बोलत नाहीत, त्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ शोधण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. कमलने डॉक्टर व्हावे व डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु मुलीने दोन्ही बाबतींत आपली वाट निवडली. फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले. १९३९ साली गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतरही शिक्षण थांबले नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ साली त्या पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. झाल्या. या कामी यजमानांचे त्यांना मोठे साहाय्य झाले.

मुंबईस टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशीसंवर्धन शिकल्या. आपण विरजण राखून ठेवतो, तसे शरीराबाहेर काढलेल्या पेशी पोषक द्रवात वाढवायच्या व थोड्या थोड्या नव्या भांड्यात लावीत जायच्या, अशी ही विद्या. मायदेशी परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ती पहिली होय.

उंदरांच्या काही जातींतील माद्यांना स्तनाच्या गाठी वारंवार होतात. या उंदरांवर प्रयोग करून आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध कमलाबाईंनी तपासला. हा रोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

पुढील शोधांनी या विचारास बळकटी आली. १९९४ व १९९५ साली बीआरसीए नावाची दोन जनुके हाती लागली. त्यांच्या आज्ञेने पेशीत जी प्रथिने तयार होतात, ती तुटलेला डीएनए सांधतात. इतर जनुकांच्या कार्यावरही त्यांचा परिणाम होतो. ही प्रथिने मुळीच नसतील तर उंदराचे पिल्लू गर्भातच दगावते. म्हणजे जी डागडुजी देह घडविते, तीच पुढे त्याला कर्करोगापासून जपते. या जनुकांत दोष असलेल्या स्त्रीला रोगाचा धोका अधिक.

भगिनींनो, यातून दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. तेव्हा लेकीच्या दुखण्याचा बोल केवळ आईच्या माहेराला लावणे शास्त्राला धरून नाही. दुसरे, स्तनाच्या कर्करोगाचे शेकडा ५ ते १० रोगीच अशा वारशाचे असतात. घरात कोणाला नाही म्हणून आपण निर्धास्त, असे समजू नये; आणि आहे म्हणून नशिबाला दोष देत बसू नये. गाठ हाताला लागताच संकोच सोडून डॉक्टरांकडे जावे. लवकर कळलेला रोग बहुधा बरा होतो.

१९६६ ते १९७० या काळात कमलाबाईंनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी मोलाचे काम केले. १९८२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. संसार सांभाळून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्त्रियांची ओढाताण त्यांना ठाऊक होती. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करण्यातही त्या गुंतल्या होत्या.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी या पुण्याच्या लेकीचे स्मरण करताना, दुखणे लपवायचे नाही असा निश्चय प्रत्येकीने केला, तर त्यांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.