भीमेकाठी उतरलेल्या लहरी

नगरहून दौंडला जाणारी गाडी श्रीगोंदा रोड, काष्टी ही स्टेशने मागे टाकते आणि भीमेच्या पुलावर चढते. पुलाच्या अलीकडे आपला नगर जिल्हा, आता कागदोपत्री अहिल्यानगर. पलीकडे पुणे जिल्ह्यातले दौंड. पूल ओलांडताना डब्यातली जाणती माणसे हात जोडतात, मुले खिडकीपाशी गर्दी करतात आणि बाकीच्यांची सामान आवरण्याची लगबग सुरू होते. दौंड म्हणजे जंक्शन, चहा आणि गाडी बदलण्याची घाई, एवढीच आपली ओळख. पण १९२७ मध्ये याच दौंडला, सात समुद्रांपलीकडून आलेले बिनतारी संदेश टिपण्याचे केंद्र उभे राहिले. पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे दौंडला. मुंबईच्या तारघरात बसलेला माणूस त्या दोघांच्या मदतीने थेट इंग्लंडशी बोलू लागला.

या केंद्रांची कहाणी जमिनीवर सुरू झालेली नाही. ती सुरू झाली एका बोटीवर. त्या बोटीचे नाव ‘इलेट्रा’ आणि तिचा मालक गुल्येल्मो मार्कोनी.

मार्कोनीचे नाव शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलेले असते. रेडिओचा शोध कोणी लावला, एक गुण. पण त्या एका गुणाच्या पलीकडचा माणूस फार गुंतागुंतीचा होता. त्याचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार, स्वभावाने करडे. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, मद्य गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातली. पोरगा शाळेत रमला नाही, विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. घराच्या वरच्या मजल्यावर तारा, बॅटऱ्या आणि ठिणग्या पाडणारी यंत्रे घेऊन तो दिवसरात्र बसे. वडिलांना हे थेर वाटत. आईने मात्र पोराच्या हातातली जादू ओळखली. आपल्याकडेही अशी किती घरे असतील, जिथे बापाच्या नजरेत वाया गेलेला मुलगा आईच्या भरवशावर तरला!

१८९५ मध्ये त्याने घरामागच्या टेकडीपलीकडे संदेश पोचवला. टेकडीमागे गेलेल्या माणसाने बंदुकीचा बार काढून संदेश मिळाल्याची खूण दिली, असे सांगतात. पुढच्याच वर्षी आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथल्या टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी या बावीस वर्षांच्या पोराला हात दिला. १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेले आणि त्याच वर्षी त्याची कंपनी निघाली.

जमिनीवर तार टाकता येते, समुद्रावर टाकता येत नाही. एकदा किनारा सुटला की जहाज जगाला पारखे होते. म्हणजे बिनतारी संदेशाचे खरे गिऱ्हाईक दर्यावर आहे, हे त्याने फार लवकर हेरले. १८९८ च्या जुलैत डब्लिनजवळच्या शिडांच्या शर्यतीची बातमी त्याने बोटीवरून वर्तमानपत्राला पुरवली. पुढच्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीचा राजपुत्र गुडघा दुखावून राजनौकेवर पडून होता. त्याची खबरबात किनाऱ्यावरच्या आईला मार्कोनीच्या यंत्राने कळत राहिली. सोळा दिवसांत दीडशेच्या आसपास संदेश गेले. राणी झाली तरी आईच ती, लेकराचे कसे आहे हे तिला रोज कळायला हवेच होते.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर, वाऱ्यात झोकांड्या खाणाऱ्या पतंगाला एरियलची तार बांधून, त्याने अटलांटिकपलीकडून आलेले तीन टिंबांचे अक्षर ऐकल्याचे जाहीर केले. ऐकणारे दोघेच, तो आणि त्याचा सहायक केम्प. वेळ भर दुपारची. खरेच ऐकले की आकाशातली खरखर होती, यावर जाणकार आजही वाद घालतात. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या रचनेतून आला, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. बोस यांना पेटंटचा तिटकारा. मार्कोनीचा जीव पेटंटात. १९०९ चे नोबेल मार्कोनीला जर्मनीच्या ब्राउनबरोबर मिळाले. बोस यांच्या वाट्याला ते आले नाही.

१९०२ च्या फेब्रुवारीत तो ‘फिलाडेल्फिया’ जहाजाने अमेरिकेला निघाला. मागच्या वर्षीचा संशय खोटा पाडायचा म्हणून या वेळी त्याने संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. रात्री पूर्ण मजकूर सुमारे १,५०० मैलांपर्यंत आणि चाचणीचे अक्षर सुमारे २,१०० मैलांपर्यंत पोचले. पण सूर्य वर आला की सातशे मैलांपुढे सगळे चिडीचूप. सूर्य बिनतारी लहरींचा वैरी आहे, हे त्याला समुद्राने शिकवले. उपाय म्हणून त्याने आणि साऱ्या जगाने एकच मार्ग धरला: लहर आणखी लांब करा, मनोरे आणखी उंच करा, वीज आणखी ओता. पुढची वीस वर्षे यात गेली.

दरम्यान १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. तिच्यावरचे बिनतारी यंत्र मार्कोनी कंपनीचे, ते चालवणारे जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड कंपनीचे नोकर. फिलिप्स अखेरपर्यंत हाका मारत राहिला आणि बुडाला. त्या हाका ऐकून ‘कार्पेथिया’ धावली, सातशेहून अधिक माणसे वाचली. त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये असलेल्या मार्कोनीचा जयजयकार झाला. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. ज्याचे सारे आयुष्य कानांवर चालले, त्याचे कान मात्र शाबूत राहिले.

पहिले महायुद्ध संपल्यावर त्याने एक जुनी सुंदर नौका विकत घेतली. १९०४ मध्ये एका ऑस्ट्रियन राजघराण्यातल्या बाईसाठी बांधलेली, सुमारे सदुसष्ट मीटर लांबीची. तिचे नाव त्याने ‘इलेट्रा’ ठेवले आणि तिच्यात घर आणि प्रयोगशाळा दोन्ही मांडली. जमिनीवर त्याला करमत नसे. पहिली बायको, मुले किनाऱ्यावर, हा दर्यावर. तो संसार पुढे मोडला. जगाला एकमेकांशी बोलते करणाऱ्या माणसाला घरातला संवाद मात्र साधला नाही.

इकडे किनाऱ्यांवर एक गंमत घडत होती. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना दोनशे मीटरच्या खालच्या लहरी दिल्या होत्या. या आखूड लहरी कुचकामाच्या, पोरांना खेळायला ठीक, अशी मोठ्यांची समजूत. आपल्याकडे वाटणीत खडकाळ रान धाकट्याच्या माथी मारतात, तसेच हे. पण धाकट्याने त्या रानात विहीर खणली आणि पाणी लागले! १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकन हौशी मंडळींचे संदेश स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्सचा देलुआ अमेरिकेतल्या हौशी मित्रांशी दुतर्फा बोलला. १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर नावाच्या विद्यार्थ्याने थेट न्यूझीलंडशी संधान साधले. हाच गॉयडर पुढे १९३६ मध्ये आपल्या ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला आणि देशाच्या लघुलहरी केंद्रांची उभारणी त्याच्या हाताखाली झाली.

मार्कोनीचे मोठेपण मला इथे दिसते. त्याने लांब लहरींवर आयुष्य आणि भागधारकांचा पैसा ओतलेला. पन्नाशीला टेकलेला, नोबेल मिळालेला माणूस आपली चूक कबूल करत नाही. बँकेच्या नोकरीत थकलेल्या कर्जावर आणखी कर्ज देऊन पहिली चूक झाकणारी हुशार माणसे मी पाहिली आहेत. मार्कोनीने झाकले नाही. फ्रँकलिन या आपल्या अभियंत्याला त्याने इंग्लंडच्या पोल्डू केंद्रात लघुलहरींचे यंत्र उभारायला लावले आणि स्वतः ‘इलेट्रा’ घेऊन १९२३ मध्ये केप व्हर्दे बेटांकडे निघाला. ९७ मीटरची लहर रात्री दोन हजारांहून अधिक सागरी मैलांवर खणखणीत ऐकू आली. पोल्डूने शक्ती उतरवत एक किलोवॉटवर आणली, तरी ती प्रचंड केंद्रांपेक्षा सरस ठरली. दिवसा मात्र पुन्हा तीच अडचण.

त्या वेळी ब्रिटिश सरकार साम्राज्यभर अवाढव्य लांबलहरी केंद्रे बांधण्याच्या बेतात होते. १९२४ च्या जुलैत मार्कोनीच्या कंपनीने करार केला: लघुलहरींचा झोत करून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थानशी संदेश चालवू, चाचणीत उतरण्याची जोखीम आमची. दिवसाचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. सही आधी आणि उत्तर नंतर! हा जुगारच होता.

सप्टेंबर १९२४ मध्ये ‘इलेट्रा’ भूमध्य समुद्रातून बैरूतला गेली. या वेळी लहर ३२ मीटरची. सूर्य माथ्यावर आला आणि पोल्डूचा आवाज पडला नाही. दिवसभर तो स्वच्छ येत राहिला. कारण साधे आहे. उन्हाने हवेच्या उंच थरांत विद्युतभार तयार होतो. खालचा थर मध्यम लांबीच्या लहरी गिळतो, पण पुरेशी आखूड लहर तो भेदून वर जाते आणि वरच्या थरावरून परतून दूर देशी उतरते. म्हणजे वैरी ठरलेला सूर्यच तिची वाट बांधतो.

त्या झोताची हिंदुस्थानातली टोके म्हणजे खडकी आणि दौंड. पाठवण्याच्या यंत्राचा गोंगाट घेण्याच्या यंत्रापर्यंत पोचू नये, म्हणून दोघांत अंतर. उंच मनोऱ्यांच्या रांगेवर तारांचे पडदे टांगलेले, तोंड इंग्लंडकडे. समुद्राखालच्या केबलपेक्षा हा मार्ग इतका स्वस्त पडला की केबल कंपन्या हवालदिल झाल्या आणि १९२९ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करावे लागले. १९३३ मध्ये मुंबई-लंडन टेलिफोनही याच लहरींवर सुरू झाला. पुढे १९४७ मध्ये हे काम सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आले. १९७१ मध्ये जुन्नरजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झाले आणि या लहरींचे राज्य ओसरले. तारही १४ जुलै २०१३ ला अखेरची गेली.

मार्कोनीचा शेवट सुखाचा म्हणावा का? १९२७ मध्ये त्याने दुसरे लग्न केले, १९३० मध्ये मुलगी झाली. तिला नौकेचेच नाव दिले. त्याच वर्षी जेनोवाच्या बंदरात, नौकेवरून कळ दाबून त्याने सिडनीच्या प्रदर्शनातले दिवे लावले. पण तो १९२३ पासून मुसोलिनीच्या पक्षात होता, त्याच्या राजेशाही अकादमीचा अध्यक्ष झाला आणि तिथे ज्यू विद्वानांच्या नावापुढे खूण करून त्यांना बाहेर ठेवले गेले, हे कागद २००२ मध्ये उजेडात आले. भिंती ओलांडणारे यंत्र ज्याने दिले, त्याने माणसांत भिंत उभी केली. हेही त्याच्या खात्यावर लिहायला हवे, नाहीतर हिशेब जुळत नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये तो हृदयविकाराने गेला. दुसऱ्या दिवशी अनेक देशांतली रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली. ‘इलेट्रा’ १९४४ मध्ये युद्धात ॲड्रियाटिकच्या किनाऱ्याशी बुडाली. तिचे तुकडे आज इटलीत जागोजागी जपून ठेवले आहेत.

पण तिचे काम थांबलेले नाही. आजही एखादा हौशी रेडिओवाला बोटीच्या डेकवर मीटरभर व्यासाचे तांब्याचे कडे उभे करतो. वीस मीटरच्या लहरीला साधी तार दहा मीटर लागते. बोटीवर तेवढी जागा कुठली? मग हे छोटे कडे एका धारित्राने नेमक्या लहरीवर जुळवायचे. सूर किंचित हलला तरी पुन्हा जुळवावे लागते आणि अंगावर हजारो व्होल्ट चढत असल्याने चालू असताना हात लावायचा नाही. गुण असा की कडे फिरवले की जहाजाच्या यंत्रांची खरखर पुष्कळशी गळते. कप्तानाची परवानगी आणि जहाजावर ज्या देशाचा ध्वज त्या देशाचे नियम पाळायचे. मोठ्या दिव्याइतक्या विजेवर त्याचा आवाज खंड ओलांडतो, धाकट्याला मिळालेल्या त्याच खडकाळ रानातून.

पुढच्या वेळी भीमेचा पूल ओलांडताना मुले खिडकीशी आली, तर त्यांना हे जरूर सांगा. आणि घरात एखादा पोरगा किंवा पोरगी तारा-बॅटऱ्या घेऊन वरच्या खोलीत बसत असेल, तर रागावण्याआधी क्षणभर ॲनी जेमसनला आठवा.