टेक्टाइटचे नामकर्ते : फ्रान्झ एडुआर्ड झ्यूस

ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक फ्रान्झ एडुआर्ड झ्यूस यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८६७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. 'गोंडवनभूमी' ही संज्ञा रूढ करणारे एडुआर्ड झ्यूस हे त्यांचे वडील. बोहेमिया व मोराव्हियातील शेतांत सापडणारे हिरवे काचखडे हा जुन्या काचभट्ट्यांचा कचरा असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क होता. १९०० मध्ये झ्यूस यांनी हे खडे उल्केप्रमाणे अवकाशातून आल्याचे प्रतिपादन केले आणि 'वितळलेला' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना 'टेक्टाइट' हे नाव दिले. १९११ पासून ते व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक होते. २५ जानेवारी १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १९५८ मध्ये म्यॉसबावर परिणामाचा शोध लागला. त्यावर आधारित वर्णपट-परीक्षणात टेक्टाइटमधील जवळजवळ सर्व लोह फेरस अवस्थेत आढळले. फेरिक लोह अत्यल्प होते. अतितप्त, ऑक्सिजन कमी असलेल्या स्थितीत ही काच घडल्याची ती खूण होती. तिची रासायनिक घडण मात्र पृथ्वीवरील खडकांशी जुळली. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी जर्मनीतील रीस विवर निर्माण करणाऱ्या आघातात हे हिरवे खडे जन्मले, असे आज मानले जाते. काच अवकाशातील नव्हती. आघात मात्र अवकाशातूनच आला होता. झ्यूस यांचे अनुमान मागे पडले, त्यांनी दिलेले नाव टिकले.