जातेगावचा हिशेब मांडणारा इंग्रज

शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव १९२१ साली एका इंग्रजी ग्रंथातून जगभरच्या अभ्यासकांपुढे गेले. ते नेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी, आपले सहकारी कानिटकर यांच्या साथीने. आज हे नाव शेतीच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. आपण मात्र ते घेतले पाहिजे.

मॅन यांचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधील यॉर्क शहरातला. शिक्षण रसायनशास्त्राचे. याच यॉर्कमध्ये राउंट्री यांनी मजुरांची मिळकत आणि किमान गरजा यांचा मेळ घालून दारिद्र्याची रेषा आखली होती. मॅन यांनी तीच फूटपट्टी बेडफर्डशायरमधील रिजमंट या खेड्याला लावली. शेतमजुराचे दैन्य फक्त शहरात असते, हा इंग्रजांचा गोड समज त्याने मोडला. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि फूटपट्टीही सोबत आली!

येथे खरी अडचण सुरू होते. रिजमंटचा मजूर आठवड्याला मजुरी घेतो, ती मोजता येते. पण दख्खनच्या गावगाड्यात बलुते, वतन आणि वेठ आहे. महाराने गावकीसाठी घालवलेला दिवस कोणत्या रकान्यात लिहायचा? मिळकतीत, की खर्चात? मॅन यांना या प्रश्नाची जाण होती, असे मानायला जागा आहे. त्यांनी १९१२ मध्ये पुण्यातील अस्पृश्य वर्गाची पाहणी प्रसिद्ध केली, १९१६ मध्ये दख्खनी खेड्यातील महारांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या पुणे शाखेचे अध्यक्षपदही सांभाळले. गोऱ्या साहेबांत असे किती निघाले?

१९१७ मध्ये त्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास आला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. निष्कर्ष असा की, धारणा इतकी लहान की तिच्यावर कुटुंब जगू शकत नाही.

या आकड्यांना पहिला तगडा जाब विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवरील निबंध वाचताना त्यांनी युरोपीय पंडितांची चूक दाखवली होती. स्वतः वर्णद्वेषाने भारलेले असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशीही कातडीचा रंगच दिसला. १९१८ मध्ये लहान धारणांवर लिहिताना बाबासाहेबांनी मॅन यांची आकडेवारी घेतली आणि मापच नाकारले. शेत किफायतशीर आहे की नाही हे कुटुंबाच्या ताटावरून ठरत नाही. ते जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. बैल नाहीत, औते नाहीत, तर लहान शेतसुद्धा त्या शेतकऱ्याला मोठेच! शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलावा, हा त्यांचा उपाय होता.

मॅन यांनी जातेगाव का निवडले? पिंपळे सौदागर पुण्याच्या आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या जवळचे, तिथे बाहेरची मजुरी मिळे. शहरापासून दूरचे गाव पाहिल्याशिवाय दख्खनविषयी बोलता येणार नाही, ही प्रामाणिक शंका होती. जातेगावात चित्र आणखी काळवंडले. तरी मापदंड मुळात तोच राहिला. आणि जातेगाव म्हणजेही दख्खन नव्हे. भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यात मुठा उजव्या कालव्याचे पाणी फिरलेली गावे घेतली असती, तर ऊस, कर्ज आणि मजुरीचा हिशेब निराळाच निघाला असता. कालव्याखालच्या गावातही पाणी कोणाच्या शेताला आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न उरलाच असता.

मॅन १९१८ पासून मुंबई इलाख्याचे शेती संचालक होते. १९२७ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुन्हा इंग्लंडमधील वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर माती तपासू लागले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. डॅनिएल थॉर्नर यांनी १९६७ मध्ये त्यांचे विखुरलेले लेख एका ग्रंथात आणले. रिजमंट आणि दख्खनची खेडी त्यात एकाच बांधणीत आली.