हैबतबाबा: घरी जायला निघालेला सैनिक आळंदीला पोचतो

आजचं चिंतन हरिपाठावर.

माऊलींचे २७ अभंग आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ आहेत. पण पाठ असणं वेगळं आणि जिवावर बेतल्यावर ते ओठांवर येणं वेगळं. म्हणून आज हैबतबाबांची आठवण काढतोय.

हैबतराव पवार मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. तलवारीवर कमावलेलं धन घेऊन ते गावाकडे निघाले आणि सातपुड्यात टोळीने गाठलं. लूट झाली, माणसं गुहेत कोंडली गेली, तोंडावर शिळा बसली. वारकरी परंपरा सांगते, की बाबांनी आत हरिपाठ सुरू केला तो २१ दिवस थांबला नाही. मग टोळीच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने शिळा हटवली. बाबा सुटले, पण घरी न जाता थेट आळंदी गाठली. उरलेलं आयुष्य माऊलींच्या पायाशी.

आपण नाशिककरांनी तर हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्या देवळालीच्या छावणीत ब्रिटिश काळात गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे. उकाडा, आजार, दारू, रिकामपण. कित्येकांचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच आला! लढाई संपली म्हणून सैनिक लगेच घरी पोचत नाही. शरीर पोचतं, मन कुठेतरी मागेच अडकतं.

बाबांनी आपल्या सैनिकपणाचं काय केलं बघा. ज्ञानोबा-तुकोबांची पालखी आधी एकत्र निघायची. १८३२ च्या सुमारास बाबांनी माऊलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांचा क्रम ठरला, मुक्काम ठरले. आजही चोपदाराने दंड उंच केला, की हजारो माणसं क्षणात शांत होतात. फौजेतली शिस्त तीच, फक्त आता तिच्यासमोर शत्रू नव्हता.

मला यात मोठा आधार दिसतो. व्यसनाने किंवा जुन्या भीतीने ज्याचं घर सुटलंय, त्याला उपदेश नको असतो. त्याला आज रात्रीचा मुक्काम, वेळेवर जेवण आणि सोबत चालणारं माणूस हवं असतं. वारीत हे तिन्ही मिळतं. गळ्यात माळ घातली की दारू सुटली पाहिजे, हा नेम. आणि तो पाळायला अख्खी दिंडी सोबत असते. गुहेत बाबा नाम घेऊन तगले, बाहेर आल्यावर त्यांनी इतरांसाठी वाट बांधली. नामाने औषधाची गरज संपते असं मात्र समजू नका. अशा माणसाला डॉक्टरकडे घेऊन जाणं, ही पण सेवाच.

आळंदीच्या महाद्वारात पहिल्या पायरीशी बाबांची समाधी आहे. माऊलींकडे जाताना आधी या सैनिकापुढे वाकायचं, मग आत जायचं.

आजचा नेम: हरिपाठाचा एक अभंग मोठ्याने म्हणा. आणि बरेच दिवस ज्याचा आवाज ऐकला नाही, अशा एकाला फोन करा. मेसेज नको, फोनच.

माऊली! 🙏