पाद्री जेरोम झेवियर

फैजपुराहून सावदा व रावेर ओलांडून पुढें गेलें म्हणजे बऱ्हाणपूर लागतें, आणि तेथून सहा कोसांवर उत्तरेस, सातपुड्याच्या एका उंच कड्यावर, अशीरगडचा किल्ला उभा आहे. आमच्या खानदेशाचा हा जुना दरवाजा. इ. स. १६०० मध्यें अकबर बादशहाच्या फौजेनें या किल्ल्यास वेढा घातला, हें विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेलें असतें. परंतु त्या छावणींत दोन ख्रिस्ती धर्मसेवक बादशहाच्या बरोबर होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांतील वडील गृहस्थांचें नांव जेरोम झेवियर. कुराण व बायबल यांची समोरासमोर तुलना करणारा विस्तृत फारशी ग्रंथ या गृहस्थांनीं लिहिला. हिंदुस्थानांत निर्माण झालेला त्या प्रकारचा तो बहुधा पहिलाच ग्रंथ होय.

जेरोम यांचा जन्म १५४९ सालीं स्पेन देशाच्या नवारा प्रांतांत झाला. गोव्यास ज्यांची समाधि आहे ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्या आजोबांच्या पिढींतले जवळचे आप्त. १५६८ सालीं जेरोम येशूसंघांत दाखल झाले व १५८१ सालीं हिंदुस्थानांत आले. वसई व कोची येथील संघाच्या मठांवर त्यांनीं प्रमुख म्हणून काम केलें, आणि गोव्यासही मोठ्या अधिकाराच्या जागा भूषविल्या. वयाची पंचेचाळिशी येईपर्यंत त्यांच्या चरित्रांत विशेष सांगण्यासारखें फारसें नाहीं.

अकबर बादशहास सर्व धर्मांच्या गोष्टी ऐकण्याचा नाद होता. त्याच्या बोलावण्यावरून १५८० सालीं गोव्याचें पहिलें मंडळ फत्तेपूर शिक्री येथें गेलें होतें. त्या वेळीं रुदोल्फो आक्वाव्हीवा या पाद्र्यांनीं अँटवर्प येथें छापलेलें अनेक भाषांतील बायबल, मोठमोठे खंड, बादशहास नजर केलें. बादशहानें ते मोठ्या आदरानें मस्तकीं लाविले. पण आदर निराळा आणि समजूत निराळी. ज्या भाषांत तें बायबल होतें त्यांतली एकही दरबारांत कोणास वाचतां येत नव्हती! पाद्री बोलत तें दुभाष्याच्या तोंडून, आणि मौलवींचीं उत्तरें येत तींही तशींच. दुसरें मंडळ १५९१ सालीं गेलें व लवकरच परतलें. १५९४ च्या डिसेंबरांत तिसरें मंडळ निघालें, त्याचे मुख्य जेरोम झेवियर. मानुएल पिन्हेरो नांवाचे पाद्री व बंधु बेंतो द गोइश हे त्यांचे सोबती. १५९५ च्या मे महिन्यांत तिघेही लाहोरास पोंचले.

बादशहानें त्यांस प्रथम एकच गोष्ट सांगितली: फारशी शिका. जेरोम यांचें वय तेव्हां शेहेचाळीस वर्षांचें होतें. परक्या भाषेचीं क्रियापदें पाठ करतांना ज्या विद्यार्थ्यांस झोंप येते, त्यांनीं या वयाचा थोडा विचार करावा. पुढें वीस वर्षें त्यांचा मोंगल दरबाराशीं संबंध राहिला, आणि त्यांतलीं पहिलीं सात वर्षें बव्हंशीं या भाषेवर प्रभुत्व मिळविण्यांत गेलीं. १५९७ सालीं बादशहाबरोबर ते काश्मीरांत गेले, तेव्हां तेथें दुष्काळ पडला होता व लोक आपलीं पोरें रस्त्यावर टाकून देत होते, असें त्यांच्या पत्रांवरून कळतें.

१५९९ सालीं बादशहा दक्षिणच्या मोहिमेवर निघाला, तेव्हां जेरोम व गोइश त्याच्याबरोबर आले. १६०० सालीं छावणी बऱ्हाणपुरास पडली. राजे अलीखान फारुकी यानें बांधलेली तेथील जामा मशीद पुरी होऊन तेव्हां अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. त्या मशिदींत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. आपल्याकडील कोणी बऱ्हाणपुरास गेल्यास त्यानें तो अवश्य पाहावा.

अशीरगड मात्र कांहीं केल्या हातीं येईना. आंत बहादूरखान फारुकी होता, आणि त्याच्या तोफांवर कांहीं पोर्तुगीज लोक चाकरीस होते. बादशहापाशीं किल्ला फोडण्याजोग्या मोठ्या तोफा नव्हत्या. त्यानें जेरोम यांस बोलावून आज्ञा केली कीं, चौलच्या पोर्तुगीजांस पत्र लिहून तोफा व दारूगोळा मागवा. जेरोम यांनीं साफ नकार दिला. असलें काम आपल्या धर्मास विरुद्ध आहे, असें त्यांनीं कळविलें. बादशहा इतका संतापला कीं, ताबडतोब गोव्यास चालते व्हा, असा हुकूम झाला. कांहीं दिवस पाद्री त्याच्या दृष्टीआड राहिले आणि राग आपोआप निवळला. या नकाराचें कौतुक करतांना एक गोष्ट लपवूं नये. पोर्तुगीज सरकारचा व खानदेशच्या राजाचा त्या वेळीं सलोखा होता, आणि ती अडचणही जेरोम यांच्या मनांत असावी, असें त्यांच्याच संघाच्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. १६०१ च्या जानेवारींत किल्ला पडला. आंतले पोर्तुगीज कैद झाले, आणि जेरोम यांनीं रदबदली केल्यामुळें त्यांचे प्राण वांचले. बहादूरखानास शपथेवर बाहेर बोलावून अडकवून ठेविलें व किल्लेदारांस पैसा चारला, असें येशूसंघाच्या कागदांत आहे. मोंगल बखरकार किल्ल्यांतील रोगराईकडे बोट दाखवितात. हा वाद अजून मिटलेला नाहीं.

याच सुमारास जेरोम यांच्या तुलनाग्रंथाचा स्पॅनिश मसुदा तयार झाला होता. तो फारशींत आणावयाचा तर केवळ व्याकरण पुरेसें नव्हतें. दरबारास रुचेल अशी भाषा हवी होती. आग्र्यास परतल्यावर बादशहानें अब्दुस् सत्तार या विद्वान् मुसलमान गृहस्थांस त्यांच्या मदतीस दिलें. या दोघांच्या परिश्रमानें १६०२ सालीं प्रथम येशू ख्रिस्ताचें फारशी चरित्र पुरें झालें. त्याचें नांव मिरातुल्-कुद्स, म्हणजे पावित्र्याचा आरसा. त्याचे चार भाग आहेत: जन्म, उपदेश व चमत्कार, मरण, आणि पुनरुत्थान. मोंगल चित्रकारांनीं त्यास चित्रें काढलीं. त्यांतली एक सचित्र प्रत आज अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील संग्रहालयांत आहे. ग्रंथांत एक उणीव राहिली. शुभवर्तमानांत नसलेल्या कांहीं जुन्या दंतकथाही जेरोम यांनीं त्यांत घातल्या. १६३९ सालीं हॉलंडांतील लायडन येथें लुडोविक द दियू या प्रॉटेस्टंट पंडितानें तो ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला, आणि या भेसळीबद्दल जेरोम यांचा कडक समाचार घेतला. दुसऱ्याच्या शास्त्राची परीक्षा करूं पाहणाऱ्यानें स्वतःचें शास्त्र तरी निर्भेळ द्यावयास हवें होतें, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो.

तुलनेचा मुख्य ग्रंथ १६०९ सालीं पुरा झाला व जहांगीर बादशहास अर्पण करण्यांत आला. त्याचें नांव आईना-ए-हक्कनुमा, म्हणजे सत्य दाखविणारा आरसा. एक पाद्री, एक मौलवी व एक तत्त्वज्ञ, अशा तिघांचा हा संवाद आहे. मौलवी आक्षेप घेतो, पाद्री उत्तर देतो, आणि तत्त्वज्ञ दोघांसही बुद्धीच्या कसोटीवर घांसून पाहतो.

येथें थोडें थांबून मुख्य प्रश्न समजून घेतला पाहिजे, कारण तो आजही आमच्या शेजारापाजारांत, एकाच बांकावर बसणाऱ्या मुलांत, निघत असतो. कुराणांत येशूचें नांव इसा असें असून तें मोठ्या आदरानें येतें. कुमारी मरियमेच्या पोटीं त्याचा जन्म झाला हें त्यांत मान्य आहे. मरियमेच्या नांवाचा एक स्वतंत्र अध्याय, एकोणिसावा, त्यांत आहे. मोशेचें नियमशास्त्र व शुभवर्तमान हीं ईश्वराकडून आलीं, असेंही तें म्हणतें. परंतु येशू ईश्वराचा पुत्र होता हें कुराण नाकारतें, आणि तो वधस्तंभावर मेला हेंही नाकारतें. आतां मार्काचें शुभवर्तमान उघडून पाहिलें तर त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा येशूच्या शेवटच्या आठवड्यानेंच व्यापलेला आहे. म्हणजे मुसलमान ज्या ठिकाणीं आदरपूर्वक नाहीं म्हणतो, नेमकें त्याच ठिकाणीं ख्रिस्ती मनुष्याचें सर्वस्व आहे.

हा विरोध मौलवींनीं असा सोडविला कीं, मूळ शुभवर्तमान खरें होतें, पण ख्रिस्ती लोकांनीं पुढें त्यांत फेरफार केला. जेरोम यांची बाजू अशी कीं, जीं पुस्तकें निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत, परस्परांशीं भांडणाऱ्या पंथांच्या हातीं होतीं, तीं सर्व एकाच वेळीं एकाच रीतीनें कोण बदलणार? हा मुद्दा बळकट आहे. आज त्यास आणखी पुरावा मिळाला आहे. चवथ्या शतकांतील, म्हणजे महंमद पैगंबरांच्या पूर्वींच्या, बायबलाच्या हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत, आणि त्यांत वधस्तंभाची कथा आजच्यासारखीच आहे. त्यांत कांहीं पाठभेद आहेत हेंही सांगितलें पाहिजे. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या अतिप्राचीन प्रतींत नाहींत.

पण जेरोम यांच्या तुलनेंत एक मोठा दोष आहे, आणि तो आमच्या मतें कडक शब्दांहूनही मोठा आहे. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणें कुराण हा सुमारें तेवीस वर्षांत अरबी भाषेंत उतरलेला साक्षात् ईश्वराचा शब्द. बायबल शेंकडों वर्षांत अनेक लेखकांच्या हातून हिब्रू, अरामी व ग्रीक भाषांत लिहिलें गेलें, आणि ख्रिस्ती मनुष्य ज्यास ईश्वराचा शब्द म्हणतो तो मुख्यतः एक व्यक्ति आहे. पुस्तक त्या व्यक्तीची साक्ष देतें. म्हणून कुराणाच्या जोडीस खरोखर ठेवावयाचा तो ख्रिस्त, बायबलाची प्रत नव्हे. हें ध्यानांत न घेतां जेरोम पुष्कळ ठिकाणीं एका पुस्तकाच्या मापानें दुसरें मोजीत बसले. पैगंबरांच्या चरित्राविषयीं त्यांनीं जें लिहिलें त्यावर युरोपांतल्या जुन्या खंडनग्रंथांची छाया आहे, आणि तें आज वाचवत नाहीं.

यश किती आलें, हें पाहूं गेल्यास फार थोडें. अकबराचा पुत्र दानियाल खानदेशचा सुभेदार होता व बऱ्हाणपुरास वारला. त्याच्या तीन मुलांचा १६१० सालीं आग्र्यास मोठ्या थाटानें बाप्तिस्मा झाला. तीन वर्षें झालीं नाहींत तोंच त्यांनीं आपले क्रूस परत पाठविले. १६१३ सालीं पोर्तुगीजांनीं सुरतेच्या समुद्रांत राजमातेचें जहाज पकडलें, आणि बादशहानें रागानें आग्रा व लाहोर येथील प्रार्थनामंदिरें बंद करविलीं. ज्या राष्ट्राच्या लोभानें हें घडलें त्याचेच प्रजाजन म्हणून जेरोम यांस तो कडू घोट घ्यावा लागला. पुढें ते गोव्यास परतले व २७ जून १६१७ रोजीं तेथेंच वारले. त्यांच्या ग्रंथास इस्फहानच्या सय्यद अहमद अलवी यांनीं पांचच वर्षांनीं फारशींत उत्तर लिहिलें, आणि त्या उत्तरास रोमहून प्रत्युत्तर गेलें.

एक उत्तर मात्र अगदीं जवळच लिहिलें जात होतें. जहांगीर बादशहा रात्रीं दरबारी मंडळींस जमवून वाद ऐकत असे, आणि १६०८ पासून १६११ पर्यंतच्या त्या बैठकींची टिपणें अब्दुस् सत्तार यांनीं ठेविलीं. तीं २००६ सालीं तेहरान येथें छापून निघालीं. ज्यांनीं जेरोम यांची फारशी वळणदार करून दिली, त्याच गृहस्थांनीं त्या बैठकींत पाद्र्यांच्या शास्त्रावर सर्वांत नेमके आक्षेप घेतले, कारण तें शास्त्र त्यांस आंतून ठाऊक होतें. जेरोम यांच्या संवादांत मौलवी निरुत्तर होतो. अब्दुस् सत्तार यांच्या टिपणांत पाद्री निरुत्तर होतात.